घरात काय काय जळतं?

“घरात दिवसभरात काय काय जळतं?”

छातीच्या डॉक्टरांनी असं विचारलं तेव्हा मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. लेक सात वर्षांची. दसऱ्यानंतर सुरू झालेला तिचा खोकला दिवाळी उलटली तरी हटत नव्हता. रात्री दोन-अडीचला उठून बसायची, पाठ चोळली की पाच मिनिटं शांत, की पुन्हा ढास. डॉक्टरांना काय सांगायचं ते आम्ही वाटेत ठरवूनच गेलो होतो. समोरचं बांधकाम, पलीकडचा तयार काँक्रीटचा आरएमसी प्लांट, हायवेची धूळ. पुण्याजवळच्या वाकडला राहणाऱ्या कुणालाही ही यादी तोंडपाठ असते. पण घराच्या आत? घरात कुणी सिगारेट ओढत नाही. “काहीच नाही,” मी म्हटलं.

“गॅस? उदबत्ती? धूप? कापूर? डासांची कॉइल?”

पाचही नावांना मला हो म्हणावं लागलं.

बालदम्याचं निदान झालं, स्पेसरची नळी लावून इनहेलर सुरू झाला. तो आजही डॉक्टर सांगतील तसाच चालतो आणि त्याला पर्याय म्हणून मी हे काही लिहीत नाहीये. पण त्या एका प्रश्नानंतर सव्वा वर्ष आम्ही घराच्या हवेमागे लागलो होतो. त्यात काय हाती लागलं, कुठे पैसे वाया गेले, ते सांगावंसं वाटतं. आमच्यासारखीच घरं आता गावोगावी उभी राहतायत.

घर आठव्या मजल्यावर, टूबीएचके, ताबा मिळून दोन वर्षं झालेली. मायवनची इमारत, म्हणजे सगळ्या भिंती आरसीसीच्या, कुठे भेग नाही की फट नाही. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, दोन्ही बेडरूममध्ये स्प्लिट एसी. समोर दिवसरात्र बांधकाम, त्यामुळे आम्ही खिडक्या बंदच ठेवायचो. टेबलावर धूळ दिसत नाही म्हणजे हवा चांगली, असा सरळ हिशेब होता.

सगळ्यात आधी आम्ही एअर प्युरिफायर घेतला, तोही डॉक्टरांकडे जाण्याच्या आधी, दिवाळीच्या सेलमध्ये. दुकानात “तीनशे स्क्वेअर फुटाला चालेल” एवढंच सांगितलं होतं. हॉलमध्ये सोफ्याच्या मागे ठेवला, कारण पुढे ठेवला की लेक त्यात काहीतरी घालायची. त्यावरचा हिरवा दिवा बघून मला इतकं हायसं वाटायचं की उरलेल्या खिडक्याही मी घट्ट लावून घेतल्या. खोकला होता तिथेच होता.

डॉक्टरांच्या प्रश्नानंतर नवऱ्याने हवा मोजायचं यंत्र मागवलं. पहिलं स्वस्तातलं निघालं. त्यावर कार्बन डायऑक्साइडचा आकडा यायचा खरा, पण कढीला फोडणी दिली की तो एकदम दुप्पट व्हायचा. फोडणीतून कार्बन डायऑक्साइड एवढा कुठून येणार? शोध घेतल्यावर कळलं की असली यंत्रं तो वायू मोजतच नाहीत. हवेतल्या वासाच्या वायूंवरून अंदाज बांधून आकडा दाखवतात. ते परत केलं आणि एनडीआयआर सेन्सरवालं घेतलं. हे इन्फ्रारेड प्रकाशाने खरोखर मोजतं. पीएम २.५ साठी त्यातच लेझरचा सेन्सर होता. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून किती बारीक ते लक्षात येईल. टेबलावर बोटाने पुसली जाते ती धूळ याच्यापुढे भरड असते. नाका-घशात न अडकता फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात ते हे डोळ्यांना न दिसणारे कण.

पहिल्या रात्री यंत्र आमच्या बेडरूममध्ये ठेवलं. आम्ही तिघं, दार बंद, खिडकी बंद, पंखा चालू. झोपताना कार्बन डायऑक्साइड ७९०, पहाटे साडेपाचला २,६८०. बाहेरच्या मोकळ्या हवेत हा आकडा ४२० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भागांच्या, आसपास असतो. बंद खोलीत तो हजारावर गेला की हवा शिळी झाली असं मानायची पद्धत १८५८ सालापासूनची आहे. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर नावाच्या आरोग्यशास्त्रज्ञाने ती घालून दिली. २,६८० ने कुणी गुदमरत नाही. पण एकाच्या नाकातून निघालेली हवा दुसरा पुन्हापुन्हा आत घेतोय आणि खोलीतलं बाकी जे काही आहे तेही साचून राहतंय, एवढं त्यातून कळतं. सकाळी उठल्यावर डोकं जड असायचं ते मी दोन वर्षं झोप पुरत नाही म्हणून सोडून देत होते.

उन्हाळ्यात एसी लावला तरी यात फरक पडत नाही. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतो असा आमचाही समज होता. तो खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरच्या डब्यातून फक्त उष्णता बाहेर टाकतो. आणि प्युरिफायर कण गाळतो, कार्बन डायऑक्साइडला हातही लावत नाही. हिरवा दिवा आणि २,६८० हे दोन्ही एकाच खोलीत सुखाने नांदू शकतात.

मग यंत्र हॉलमध्ये आलं आणि सासूबाईंचं त्याच्याकडे लक्ष गेलं. आई सकाळी सहाला आंघोळ करून देवपूजेला बसतात. दोन उदबत्त्या, गुरुवारी धूप, आरतीला कापूर. देवघर हॉलच्या कोपऱ्यात आणि खिडक्या बंद, कारण उदबत्ती पंख्यावाऱ्याने भराभर जळून जाते. त्या दिवशी पूजेआधी पीएम २.५ होतं ४६. पूजा आटपेपर्यंत ४३०. दहा वाजले तरी दीडशेच्या खाली उतरलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ नये. आपल्या देशाची मर्यादा ६० आहे. आणि लेक साडेसहाला उठून डोळे चोळत थेट आजीच्या मांडीवर जाऊन बसायची, रोज.

आईंना कसं सांगावं ते मला सुचेना. देवाच्या गोष्टीत सुनेने बोलायचं म्हणजे अवघडच. मी काहीच बोलले नाही, यंत्र तिथेच ठेवून कामाला लागले. तीन दिवसांनी त्यांनीच मला हाक मारली.

“अगं, हा आकडा उदबत्तीनं चढतो का?”

“हो आई. धूर आहे ना तो.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी वाईजवळच्या त्यांच्या घरातली चूल सांगितली. लग्न होऊन आल्या तेव्हा स्वयंपाकघराला एक लहानसं धुराडं होतं आणि भिंतीत हातभर उंचीवर झरोका. पावसाळ्यात ओली लाकडं धुमसायची, भाकऱ्या थापताना डोळ्यांना धारा लागायच्या. त्यांच्या सासूबाई म्हातारपणी धापा टाकायच्या, ती धाप चुलीची होती असं तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. “गॅस आला त्या दिवशी मी आळीत पेढे वाटले,” त्या म्हणाल्या. “आणि आता नातीला मीच धूर देतेय होय?”

दुसऱ्या दिवसापासून उदबत्ती बाल्कनीत तुळशीपाशी गेली. देवापुढे फक्त तुपाचं निरांजन आणि फुलं. गुरुवारचा धूपही बाल्कनीतच, आतलं दार ओढून घेऊन. हे सगळं त्यांनी स्वतः ठरवलं. मी सांगितलं असतं तर मन दुखलं असतं आणि उदबत्ती होती तिथेच राहिली असती. त्या दिवसापासून कालनिर्णयवर दुधाच्या नोंदीशेजारी त्या सकाळचा आकडाही लिहायला लागल्या. पेन्सिलीने, वरती बारीक.

कॉइलचा निकाल मात्र एका संध्याकाळीत लागला. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या डॉक्टरांनी एक कॉइल म्हणजे सुमारे शंभर सिगारेटींएवढे बारीक कण, असं अनेकदा सांगितलं आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातला आकडाही तसाच आहे, ७५ ते १३७ सिगारेटी. आम्ही ती बाल्कनीत लावायचो आणि धूर आत यायचा. उरलेलं पाकीट टाकून दिलं आणि खिडक्यांना जाळ्या करून घेतल्या. बिल्डरने दिलेल्या खिडक्या दोन ट्रॅकच्या, त्यांत जाळीचं शटर बसायला जागाच नव्हती. ॲल्युमिनियमवाल्याकडून बाहेरच्या बाजूने जास्तीचा ट्रॅक जोडून घ्यावा लागला. जाळी नाही म्हणून खिडकी बंद, खिडकी बंद म्हणून हवा कोंडलेली, असं ते सगळं एकात एक अडकलेलं होतं.

स्वयंपाकघराने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. चिमणी होती, चांगली चकचकीत. पण मिरचीची फोडणी दिली की बेडरूममध्ये झोपलेल्या माणसालाही ठसका लागायचा. एका रविवारी नवऱ्याने स्टुलावर चढून वरचं स्टीलचं कव्हर काढलं, तर आत पाइपच नव्हता. ही चिमणी डक्टशिवाय बसवलेली होती. जाळीत तेल अडकवायचं, कोळशाच्या फिल्टरमधून हवा फिरवायची आणि तीच आपल्या डोक्यावर परत सोडायची. गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि वाफ यांना ती फारसं काही करत नव्हती. दम्याच्या माणसाला नायट्रोजन डायऑक्साइड चांगलाच त्रास देतो.

सहा इंची डक्ट बाहेर काढायचा ठरला, तर भिंतीला भोक पाडायला सोसायटीने नकार दिला. नकार बरोबरच होता. मायवनमध्ये प्रत्येक भिंत भार घेते, त्यात कोअर कटिंग केलं तर सळया कापल्या जातात. तोडगा त्याच ॲल्युमिनियमवाल्याने काढला. ड्राय बाल्कनीकडच्या खिडकीची वरची न उघडणारी काच त्याने काढली, तिथे ॲल्युमिनियमची एसीपी शीट बसवली आणि त्या शीटला गोल भोक पाडून डक्ट बाहेर नेला. बाहेरच्या तोंडाला पावसाचं पाणी आणि कबुतरं आत येऊ नयेत म्हणून झाकण. नळी घेताना सुरकुत्यांची चंदेरी लवचीक न घेता सरळ पीव्हीसीची घेतली, कारण प्रत्येक सुरकुतीत तेल साचतं आणि ओढ कमी होते. वळणं दोनच ठेवली.

चालू केली तेव्हा चिमणीच्या जाळीला टिश्यू पेपर धरला. पूर्वी तो खाली पडायचा, आता चिकटून राहिला. मग सगळ्या खिडक्या लावून बघितलं तर टिश्यू लोंबकळायला लागला, आणि पाच मिनिटांत बाथरूमकडून गटाराचा वास आला. चिमणी हवा बाहेर फेकते तेवढीच हवा कुठूनतरी आत यायला हवी. खिडकीतून मिळाली नाही की ती न वापरलेल्या बाथरूमच्या कोरड्या नहाणी ट्रॅपमधून येते. तेव्हापासून चिमणी लावताना हॉलची खिडकी वीतभर उघडायची आणि न वापरलेल्या ट्रॅपमध्ये आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतायचं, हा घरचा नियम आहे. चिमणी गॅस पेटवण्याआधी सुरू, गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटं. फोडणी आणि तळण मागच्या शेगडीवर, कारण पुढच्या शेगडीचा धूर चिमणीच्या कडेने निसटतो. फोडणीच्या वेळचा पीएम २.५ चा साडेतीनशेचा आकडा आता साठ-सत्तरच्या वर सहसा जात नाही.

राहिली बेडरूम. जानेवारीत रात्री खिडकी सताड उघडायची तर गारठा, आणि पहाटे बाहेरची हवा आतल्याहून वाईट. पुण्यात हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन तिथेच बसून राहते, वर गरम हवेचं झाकण. शेकोट्यांचा, कचरा जाळल्याचा, गाड्यांचा धूर वर जाऊ शकत नाही. ऊन चढलं की ते झाकण उठतं. म्हणून आम्ही सगळ्या खिडक्या दुपारी बारा ते चार उघडतो आणि दिवेलागणीला लावून घेतो. लहानपणापासून “सकाळची शुद्ध हवा” ऐकत आलेल्या आईंना हे पटायला वेळ लागला. शेवटी त्यांच्याच कालनिर्णयवरच्या आकड्यांनी पटवलं.

रात्रीसाठी उपाय असा : खिडकी दोन बोटं उघडी, आणि बेडरूमच्या बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा रात्रभर चालू, बाथरूमचं दार किंचित ढकललेलं. पंखा शिळी हवा ओढून बाहेर टाकतो, दोन बोटांच्या फटीतून नवी येते. जुना पंखा घरघरायचा, तो बदलून कमी आवाजाचा बसवला. पहाटेचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा १,०५० वर आला. फटीतून येणारी हवा धुरकट असते, तिच्यासाठी प्युरिफायर हॉलमधून बेडरूममध्ये हलवला. आता त्याचा हिशेबही मांडला. खोली बारा बाय अकरा, उंची साडेनऊ फूट, म्हणजे साधारण ३५ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळून निघायला हवी, तर १७५ च्या आसपास सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा, पाहिजे. आमच्या यंत्राचा १७०. हॉलसाठी लागत होता जवळजवळ ३००. घेताना डब्यावरचा हा एक आकडा वाचला असता तर सोफ्यामागे दोन महिने ते फुकट फिरलं नसतं. भिंतीपासून हातभर लांब ठेवलं, एचईपीए म्हणजेच हेपा फिल्टर चार महिन्यांनी काढला तेव्हा तो पांढऱ्याचा काळपट राखाडी झाला होता. लेकीने तो हातात घेऊन बघितला आणि विचारलं, “हे माझ्या पोटात गेलं असतं?”

झाडांबद्दलही सांगायला हवं, कारण मला सगळ्यांनी तीच सुचवली. स्नेक प्लांट, मनी प्लांट, अरेका पाम, नऊ कुंड्या आणल्या. नासाचा १९८९ चा प्रयोग खरा आहे, पण तो लहानशा हवाबंद पेटीतला आहे. २०१९ मध्ये अशा जुन्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा घरात नुसत्या वायुवीजनाने जेवढं होतं तेवढं झाडांकडून करून घ्यायला चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील असं निघालं. कुंड्या मी ठेवल्यात, डोळ्यांना बरं वाटतं म्हणून. पावसाळ्यात मात्र त्या बाल्कनीत जातात, कारण ओली माती घरात दमटपणा वाढवते.

पावसाळ्याने वेगळाच प्रश्न पुढे आणला. जुलैत कपाट उघडलं तर नवऱ्याच्या पट्ट्यावर आणि लेकीच्या बुटांवर पांढरट-हिरवी बुरशी. पश्चिमेची भिंत पावसाचा मारा खाते, आणि खिडकीच्या चौकटीचं सिलिकॉन सुटल्यामुळे ओल आत झिरपत होती. रंगाला फुगे, पोपडे. त्यात आम्ही बेडरूममध्ये दोऱ्या बांधून कपडे वाळवायचो. एका वेळच्या धुण्यातून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं आणि ते त्या थंड भिंतीवर जाऊन बसतं. आर्द्रता ८८ टक्के दिसत होती. साठच्या वर सतत राहिली की बुरशी आणि गादीतले धूळकिडे दोन्ही माजतात, आणि दम्याच्या मुलांना दोन्ही नकोत. बाहेरून सिलिकॉन नव्याने भरून घेतलं. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ओढलं. कपडे बाथरूममध्ये एक्झॉस्टखाली वाळायला लागले, आणि संध्याकाळी दोन तास एसी ड्राय मोडवर. ६५ च्या खाली फार उतरलं नाही, पण त्यानंतर पावसाळाभर बुरशी पुन्हा आली नाही. गादीला आणि उशांना झिपवाली कव्हरं घातली, चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात. कामाच्या मावशींना कोरड्या कुंच्याऐवजी ओल्या फडक्याने केर काढायला सांगितलं. त्यांनाही शिंकांचा त्रास होता, तो कमी झाला असं त्या सांगतात.

नव्या फर्निचरचा वास हा एकच विषय आमच्याकडून अर्धवट राहिलाय. पार्टिकल बोर्ड चिकटवायच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड हा डोळ्यांना झोंबणारा वायू निघतो आणि उष्णता-दमटपणात जास्त निघतो. दोन वर्षांनंतरही एप्रिलच्या दुपारी वॉर्डरोब उघडला की डोळे चुरचुरायचे. हात फिरवून पाहिलं तर आतल्या कडा उघड्याच होत्या, फक्त दिसणाऱ्या बाजूला पट्टी लावलेली. सुताराला बोलावून सगळ्या कडांना एज बँड लावून घेतला, बिजागरीची रिकामी भोकं बुजवली, मागच्या पट्ट्यांना सीलर मारला. चुरचुर कमी झाली, गेली नाही. आता फर्निचर करणाऱ्या प्रत्येकाला मी ई-झिरो किंवा ई-वन दर्जाचा, म्हणजे हा वायू कमी सोडणारा, बोर्ड मागायला सांगते आणि आतल्या कडा पैसे देण्याआधी स्वतः चाचपून बघायला सांगते.

लेकीचा इनहेलरचा डोस ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी कमी केला. त्यातलं औषधाचं किती, वयाचं किती आणि हवेचं किती, हे वेगळं काढता येणार नाही. रात्री ती सलग झोपते. या दिवाळीत दोन रात्री खोकली, तेव्हा बाहेरचा पीएम २.५ चा आकडा तीनशेच्या वर होता आणि आम्ही फटही बंद केली होती.

परवा खालच्या मजल्यावरच्या वहिनी यंत्र मागून घेऊन गेल्या, त्यांच्या बाळाला सारखी सर्दी असते म्हणून. काल सकाळी सहाला त्यांचा फोन आला. “ताई, २,४०० दाखवतंय हो. खिडकी किती उघडू?”

“दोन बोटं,” मी म्हटलं, “आणि बाथरूमचा पंखा लावा.”